सापाची आवड आणि सतरावं वर्ष

«मावशी, मी बडोद्यात मांजलपूरला राहतो, बारावी सायन्सला आहे, वय १७. सापांची आवड लहानपणापासून. आतापर्यंत धामणी आणि दिवड बऱ्याच पकडल्या. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाग निघाला. मी काठीने दाबून, शेपटी धरून त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि गावाबाहेर शेतात सोडलं. मित्राने काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. आईने तो बघितला आणि मोबाईल काढून घेतला. बाबांना अजून माहीत नाही. मला हे सोडायचं नाही, नीट शिकायचं आहे. चांगला हुक आणि हातमोजे कुठे मिळतील? सापाच्या विषावरचं इंजेक्शन घरी ठेवता येतं का? रोज थोडा वेळ हाताळला तर नाग माणसाला सरावतो का? सध्या अगाशीवरच्या खोलीत बरणीत एक छोटा काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप ठेवला आहे. तो कवड्या आहे, मण्यार नाही, हे मी नेटवर बघून नक्की केलं आहे.»

प्रिय ओंकार (नाव बदललं आहे),

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि त्याच रात्री तुला उत्तर पाठवलं: झाकण उघडू नकोस, बरणी हलवू नकोस, खोलीला कुलूप लाव, आईला सांग आणि सकाळी वनखात्याला फोन कर. तू ते सगळं केलंस. आईला सांगणं सोपं गेलं नसणार, म्हणून त्याचं जास्त कौतुक. साप कवड्याच निघाला, असंही तू नंतर कळवलंस आणि त्यात ‘बघा, मी म्हटलं होतं ना’ असा सूर होता. सुरुवात तिथूनच करते.

तुझी ओळख बरोबर आली, पण ज्या आधारावर तू ती केलीस तो कच्चा होता. कवड्याचे पट्टे मानेजवळ रुंद आणि ठळक, शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. हे तू नेटवर वाचलंस, ठीक. पण मण्यारीच्या पिल्लाला पुढच्या भागातही पट्टे असतात, म्हाताऱ्या मण्यारीचे पट्टे कधी पार मिटलेले असतात आणि कात टाकायला आलेला साप मळकट, दुधाळ दिसतो. खात्रीची खूण पाठीच्या मधोमध आहे. तिथल्या खवल्यांची एक रांग मण्यारीत बाकीच्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते. दुसरी खूण शेपटीच्या खालच्या बाजूला: मण्यारीचे तिथले खवले अखंड, एकेरी असतात, कवड्याचे दोन भागांत विभागलेले. आता विचार कर, बोटाएवढ्या जाडीच्या जिवंत सापाची शेपटी उलटी करून खवले बघायचे तर तुझी बोटं कुठे असतील?

असली नावं परीक्षेत विचारत नाहीत, पण जो स्लोविन्स्की हे नाव तू लक्षात ठेव. कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित विज्ञानसंस्थेचा सर्पतज्ज्ञ, वय ३८, विषारी सापांवरच काम करणारा. सप्टेंबर २००१ मध्ये तो उत्तर म्यानमारच्या जंगलात मोहिमेवर होता. सहकाऱ्याने आदल्या दिवशी पकडलेला एक बारीक पट्टेरी साप पिशवीत होता. तो बिनविषारी, कवड्यासारखाच दिसणाऱ्या जातीचा आहे, असा सगळ्यांचा समज होता. स्लोविन्स्कीने पिशवीत हात घातला. साप मण्यारीच्या कुळातला होता. काही तासांत त्याचा श्वास थांबला. सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देत त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत ठेवलं. पाऊस आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर पोचू शकलं नाही आणि तो गेला. जगात मण्यार ओळखणारी जी थोडी माणसं तेव्हा होती, त्यातला तो एक होता. तुझ्या बरणीच्या बाबतीत तुझी ओळख बरोबर ठरली आणि त्याची चुकली. पिशवीत हात घालायची गरज मात्र दोघांनाही नव्हती.

मण्यारीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे तिला गुजराती शेजारी काळोतरो म्हणतात आणि नावानेच घाबरतात, पण ती कशी मारते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचे दात बारीक. चावलेल्या जागी सूज नाही, रक्त नाही, वेदना जवळजवळ नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तो खाजवून कूस बदलतो. पहाटे पोटात कळा येतात, घरचे पित्ताची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, उघडेनात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. तुला त्या अगाशीवर रात्री ती चावली असती, तर सकाळपर्यंत आई ‘अभ्यासाने डोळे जड झाले असतील’ असंच म्हणाली असती.

आता पार्किंगमधला नाग. व्हिडिओ मी बघितला. तुझे हात थरथरत नव्हते, हे मान्य. पण मी व्हिडिओत दुसरंच बघत होते. तू डाव्या हाताने अभ्र्याचं तोंड उघडं धरलं होतंस. म्हणजे नागाला आत जायला जी एकच वाट होती, तिच्या काठावर तुझी पाच बोटं. कापडातून दात आरपार जातो, त्यामुळे पिशवी मांडीला लागली तरी दंश होऊ शकतो. केरळचे वावा सुरेश हे देशातले सर्वांत गाजलेले सर्पमित्र. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमजवळ नाग पोत्यात भरताना तो त्यांच्या मांडीला चावला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वाचले, कारण मेडिकल कॉलेज गाठता आलं. साप पकडणारी माणसं सांगतात की धोका सापाला गाठताना असतो, त्याहून जास्त तो ‘सापडला’ असं वाटल्यानंतर असतो: पिशवीत भरताना, लोकांना दाखवताना, सोडताना. तुझ्या व्हिडिओत नाग धरल्यावर मागून कोणीतरी ओरडतं, ‘फणा काढव, फणा काढव!’ आणि तू त्याला परत खाली ठेवतोस. तो क्षण मी तीनदा मागे घेऊन बघितला. तिथे नागाची गरज संपली होती, प्रेक्षकांची सुरू झाली होती.

आणि त्या नागाचं काय झालं? तू लिहितोस, ‘शेतात सोडला.’ मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणून मला पकडलेले साप नंतर कसे दिसतात ते माहीत आहे. काठीने मान दाबलेल्या धामणीच्या बरगड्या मोडलेल्या असतात. टेबलावर ती शांत पडते, लोक म्हणतात ‘बघा, किती गरीब आहे’, आणि मी बोटाने पाठीवरून हात फिरवते तेव्हा एका जागी कणा पायरीसारखा खाली उतरतो. अशी धामण भक्ष्य अंगाखाली दाबून धरू शकत नाही, गिळू शकत नाही. काही आठवड्यांनी कुठल्यातरी कुंपणाखाली मरते, तेव्हा बघायला कोणी नसतं. धड साप दूर नेऊन सोडला तरी त्याला तिथली बिळं, पाणी, लपायच्या जागा माहीत नसतात. तो भटकत राहतो आणि भटकणारा साप रस्त्यावर, कुत्र्यांपुढे, माणसांपुढे येतो. म्हणून जाणते लोक साप सापडला त्याच्या जवळपासच योग्य जागा बघून सोडतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी जशा सोसायट्यांत आल्या, तसे सापही आले. ते स्वतःहून वाट शोधत आले होते. त्यांना हवी होती ती फक्त परतीची वाट.

नाग सरावतो का, या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. साप माणूस ओळखत नाही, माया लावत नाही. रोज हाताळलेला साप कधी दमून गप्प राहतो, कधी उपाशी राहतो, आणि एके दिवशी कोणी दार आपटलं किंवा हाताला उंदराचा वास असला की चावतो. तुला तो सरावल्यासारखा का वाटतो, हे मला कळतं. आपण बडोद्याचे मराठी लोक नागपंचमी दोनदा बघतो: आपली श्रावण शुद्ध पंचमीला, गुजराती शेजाऱ्यांची वद्य पंचमीला. पूर्वी दोन्ही वेळा दांडिया बाजारात टोपलीवाले यायचे. त्यांचा नाग गळ्यात घेता यायचा, तो चावत नसे. त्याचे दात पकडीने उपटलेले असायचे, कधी तोंड दोऱ्याने शिवलेलं असायचं. कित्येक नाग जबड्यात पू होऊन महिन्या-दोन महिन्यांत मरत. दूध तर साप पचवूच शकत नाही, तहानेने पितो. माणसाळलेला नाग म्हणून आपल्या डोळ्यांत जे चित्र आहे, ते त्या जायबंदी नागाचं आहे.

हुक आणि हातमोजे. मी दुकान सांगणार नाही. हुक हातात आला की तो वापरायचा मोह होतो, आणि तो वापरायला शिकायचं असतं ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून. हातमोज्यांबद्दल एवढंच: घोणशीचे सुळे लांब असतात, घडी होतात, पुढे वळतात आणि चामड्यातून जातात. वर जाड मोज्यात बोटांना सापाची हालचाल कळत नाही. घोणस, म्हणजे इथली खडचितळो, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते तेव्हा ती तुला आधी सांगत असते. मोजे घातलेला माणूस ते ऐकून पुढे जातो. मोज्यांचा सर्वांत मोठा तोटा हाच. शिवाय बिनविषारी, जाडजूड डुरक्या घोणस समजून लोक खऱ्या घोणशीला हात घालतात. मण्यार आणि कवड्यासारखीच ही दुसरी जोडी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इंजेक्शन. घरी ठेवता येत नाही, आणि मिळालं तरी ठेवू नकोस. प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनतं. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं देतात, त्याच्या रक्तात विषाला उतारा देणारे घटक तयार होतात, ते वेगळे काढून कुपीत भरतात. त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये सुरू झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. भारतातलं नेहमीचं प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ते शिरेतून सलाईनवाटे देतात. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, एक नव्हे. आणि घोड्याच्या प्रथिनांची जबरदस्त रिअ‍ॅक्शन येऊ शकते. रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो. तेव्हा शेजारी अ‍ॅड्रेनालिन घेऊन डॉक्टर उभा असावा लागतो. नाग-मण्यारीच्या दंशात श्वासाचं यंत्र लागतं, ते तर कपाटात मावणार नाही. अजून एक गोष्ट सापाच्या नादी लागलेल्या मुलांना कोणी सांगत नाही. वारंवार सापांच्या, विषाच्या संपर्कात राहिलेल्या माणसाला विषाचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. मग किरकोळ दंशही काही मिनिटांत जिवावर बेततो.

घोणशीच्या दंशात इस्पितळात काय करतात, ते तुला आवडेल. डॉक्टर रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीच्या विषाने रक्ताची गोठायची ताकद खाल्ली आहे आणि प्रतिविष सुरू करायचं. घड्याळ आणि एक काचेची नळी, एवढ्यावर निर्णय. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं मेली असा अंदाज आहे. त्यातली बरीचशी या नळीपर्यंत पोचलीच नाहीत. ती मांत्रिकाकडे, ब्लेडने काप घेण्यात, दोरी आवळण्यात अडकली.

तेव्हा, तुला किंवा समोर कोणाला साप चावलाच तर: अंगठी, कडं, घड्याळ, बूट काढायचे. हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा. आवळपट्टी नाही, काप नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. चालायचं नाही. १०८ लावायचा आणि सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी इस्पितळात जायचं. दंशाची वेळ लिहून ठेवायची. साप पकडून न्यायची गरज नाही, चार सापांवर एकच प्रतिविष आहे. मेलेला साप हातात धरूनही नेऊ नका, तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. आणि काहीच होत नाही असं वाटलं तरी २४ तास इस्पितळात देखरेखीखाली राहायचं.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं. परवानगीशिवाय नाग धरणं, बरणीत साप ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तुझा व्हिडिओ हा त्याचा तूच दिलेला पुरावा. तो सगळीकडून काढून टाक, मित्रालाही सांग. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. पुढे वनखात्याबरोबर काम करायचं असेल तर तुझं नाव तिथे कुठल्या कारणाने पोचतं, याला महत्त्व आहे.

पुन्हा सोसायटीत साप निघेल, पावसाळ्यात निघणारच, आणि सगळे तुलाच हाक मारतील. तेव्हा तू जा. पण तुझं काम वेगळं असेल. त्याच्यापासून चांगलं अंतर ठेवून उभा राहा आणि नजर हलवू नकोस, कारण साप दिसेनासा झाला की पकडायला आलेला माणूसही हतबल होतो. मुलांना, कुत्र्यांना, काठ्या घेऊन धावणाऱ्या काकांना मागे ठेव. आतली दारं बंद करून फटींत गोणपाट कोंब, बाहेरची वाट मोकळी ठेव. वनखात्याला किंवा त्यांच्या परवानगीने काम करणाऱ्या संस्थेला फोन कर आणि जागा, लांबी, रंग नीट सांग. फ्लॅश न मारता दुरून एक फोटो काढ. अर्ध्या वेळा माणूस पोचायच्या आत साप आपणहून कुंपणाबाहेर निघून जातो. जाऊ दे.

आणि शिकायचं आहे ना? मग कातीपासून सुरुवात कर. सोसायटीच्या कडेला, विटांच्या ढिगाजवळ टाकलेली कात सापडली की उजेडात धरून मधल्या रांगेचे खवले बघ, शेपटीखालचे एकेरी की दुहेरी ते बघ, फोटो काढ, कात तिथेच ठेव, हात धू. मण्यार आणि कवड्यातला फरक जो तू बरणीला नाक लावून शोधत होतास, तो इथे कुणाला धोका न होता तुझ्या बोटांखाली असेल. प्रत्येक नोंदीला तारीख, जागा, हवामान लिही. घोणस पिल्लंच घालते, अंडी नाही, आणि ती पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात. नागाची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात. वर्षभराच्या नोंदी तुला तुझ्याच भागात हे दाखवतील. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेस तर देशभरचे जाणकार तुझी ओळख तपासतील. हे अभिमान बाजूला ठेवून करायचं शिक्षण आहे, आणि मला वाटतं तुला नेमकं तेच हवं आहे. बारावीनंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र घे. घरापासून स्कूटरच्या अंतरावर आहे.

सापांसाठी काम करणाऱ्या परवानाधारक संस्थेत जा, पण पहिलं वर्ष फक्त पिशव्या धुवायला, फोन घ्यायला आणि गर्दी मागे सारायला. बिनविषारी सापांनाही त्यांच्या माणसाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, विषारी सापांचं नाव अठरा पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतरही प्रशिक्षण पुरं होईपर्यंत काढायचं नाही. जी संस्था तुला पहिल्याच आठवड्यात नाग हातात देईल, तिथून लगेच निघ.

बाबांना या रविवारी सांग. आई शेजारी असू दे, व्हिडिओ आधीच सगळीकडून काढून टाकलेला असू दे. संस्थेत नाव घालायला पालकांची सही लागेल आणि ती मागायला त्यांच्यापुढे जावंच लागणार आहे. आईला मी वेगळं लिहिलं आहे: मोबाईल परत द्यावा, कात आणि फोटोंच्या नोंदींसाठी तो लागेल.

तुझी,
मावशी